कोंडीरामचे कलते खांब

कोंडीराम ओव्हाळचा पहिला प्रोजेक्ट बसस्टॉपचा होता. विषय सोपा. चार माणसं उभी राहावीत, ऊन लागू नये, बस्स. कोंडीरामनं त्याला सहा ग्रीक खांब काढले. वर त्रिकोणी माथा. त्रिकोणात कोरीवकाम: पुढे बस, मागे धावणारी माणसं.

सरांनी विचारलं, "यात बस कुठं थांबणार?"

"ती थांबतच नाही, सर. म्हणून तर माणसांना बघायला काहीतरी पाहिजे."

दुसरा प्रोजेक्ट कारखान्यांच्या भागातल्या सार्वजनिक संडासाचा होता. त्याला यानं रोमन घुमट काढला. घुमटाच्या मधोमध उघडं भोक.

"पावसाचं काय?" सर म्हणाले.

"फ्लश, सर."

हे तो मला कॉलेजातून पिंपरीला परत येताना सांगायचा. मी एम. ए. मराठीला होतो. तो आर्किटेक्चर शिकत होता. आम्ही कामगार वसाहतीत समोरासमोर राहायचो. त्याचे वडील बासष्ट साली मावळातल्या गावातून कंपनीत लागले आणि रिटायर व्हायच्या आधीच गेले. घरात आई अंबूबाई आणि तिचा भाऊ, भिमाजीमामा. कोंडीरामचं शिक्षण मामाच्या पगारावर चाललं होतं. आपण कशासाठी पगार देतोय हे मामाला नीटसं ठाऊक नव्हतं.

वर्गातली बाकीची पोरं काँक्रीटचे सपाट डबे काढायची आणि पास व्हायची. कोंडीराम कमानी काढायचा, घडीव जोती काढायचा, खांबांना पायथे आणि माथे काढायचा.

"डब्यात आपण राहतोच की, विल्या," तो मला म्हणायचा. "कागदावर तरी दुसरं काढू दे."

शेवटच्या परीक्षेत तो एकदा नापास झाला. मुंबईहून येणाऱ्या परीक्षकांना नक्षी बघितली की पित्त व्हायचं. आता एकच संधी उरली होती. कॉलेजच्या मुख्य सरांनी त्याला बोलावून सांगितलं, "पास हो. जुन्या इमारती शिकवायला तुलाच घेतो. दुसरं कुणी शिकवायला तयारच नाही." नापास झाला तर मामानं कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. सिव्हिल विभागात जागा होती. शेड काढायच्या. सायकल स्टँड काढायचे. रिटायर होईपर्यंत.

"सायकल स्टँडला काय वाईट हाय?" मामा म्हणायचा. "हजार माणसं वापरत्यात. तुझ्या त्या ग्रीकाकडं कोण जातंय?"

भिमाजीमामा फिटर होता. नवं मशीन आलं की ते पायावर बसवायचं, लेव्हलमध्ये आणायचं, हे त्याचं काम. खिशात बोटभर लांबीची स्पिरिट लेव्हल कायम असायची. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पुतणीच्या लग्नात त्यानं स्टेजवर लेव्हल ठेवली आणि मंगल परिणय थांबवून एका पायाखाली वीट घालायला लावली. नवरानवरी तोवर हार घेऊन उभे. आमच्या घरी चहाला आला तरी आधी टेबल तपासायचा. "मास्तर, तुमचं टेबल खिडकीकडं पळतंय," असं मला सांगायचा. मी मास्तर नव्हतो. एम. ए. म्हणजे मास्तर, असा त्याचा हिशेब.

कोंडीरामनं शेवटचा प्रोजेक्ट घेतला तो वसाहतीतल्या विहाराचा. वंदनेला पत्र्याची शेड होती. उन्हाळ्यात आत माणसं शिजायची. पावसाळ्यात भन्तेजी काय बोलतात ते पहिल्या रांगेलाही कळायचं नाही. कमिटीला पक्का हॉल हवा होता. कोंडीराम म्हणाला, ड्रॉइंग मी फुकट देतो, फक्त पुढची पडवी माझ्या मनासारखी. फुकट ऐकल्यावर पुढचं कमिटीनं ऐकलं नाही. काम श्रमदानानं सुरू झालं. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. सगळ्या शिफ्टची माणसं त्या दिवशी घमेली घेऊन हजर व्हायची.

पडवीला चार खांब होते. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. आठ कोनांचे, साधे. पण सरळ नव्हते. दोन्ही बाजूंचे एकमेकांकडे किंचित कललेले.

"हे काय?" मी विचारलं.

त्यानं मला लोकलनं मळवलीला नेलं आणि तिथून भाज्याच्या लेण्यांपर्यंत चढवलं. मोठ्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंना खांबांची रांग आहे. आत वटवाघळांचा वास होता.

"त्या खांबाला पाठ लावून उभा राहा."

राहिलो. टाचा टेकल्या, पाठ टेकली, आणि डोकं पुढे ढकललं गेलं. खांब माझ्या अंगावर येत होता.

"पडतोय की रे हा!"

"हो. दोन हजार वर्षं पडतोय."

मग बसून त्यानं सांगितलं. आधी अशा इमारती लाकडाच्या असायच्या. गोल छत खांबांना बाहेर ढकलायचं, म्हणून खांब आत कलते रोवायचे. पुढे तीच माणसं डोंगर कोरायला लागली. डोंगराला खांबांची गरजच नव्हती. तरी त्यांनी ते कोरले, आणि कलतेच कोरले.

"का पण?"

"आईला ओटा करून दिलाय ना आपण? ती स्टोव्ह खाली घेऊन बसते. का?"

मला हे पटलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा तो विनोद न करता बोलत होता.

हीच अडचण होती. तो सदान्‌कदा विनोद करायचा. त्यानं मामाला ड्रॉइंग दाखवलं तेव्हा मामानं कागद उलटसुलट फिरवला.

"प्रिंट वाकडी आलीय रं."

"प्रिंट नाही मामा, खांबच कलते आहेत."

मामा पोट धरून हसला. "आन् भोक? भोक कुठं ठेवलंस?" संडासाचा किस्सा वसाहतभर झाला होता.

खांबांचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, कोंडीरामनं स्वतः उभं राहून बांधून घेतलं. फळ्या, टेकू, सळया, सगळं त्याच्या कलात. ज्युरी, म्हणजे शेवटची परीक्षा, पुढच्या आठवड्यात होती. परीक्षक जागेवर येऊन खांब बघणार होते. गुरुवारी काँक्रीट भरायचं ठरलं. नेमकं मोठ्या प्रिंट काढायला त्याला मुंबईला जावं लागलं. जाताना सगळ्यांना सांगून गेला, "फक्त भरा. हात लावू नका."

गुरुवारी सकाळी मामा आला. त्यानं चार वाकडी सेंटरिंगं पाहिली. रेतीचा ट्रक आदल्या दिवशी त्याच वाटेनं आत आला होता.

"ट्रकचा धक्का लागलाय," मामा म्हणाला.

मी तिथं होतो. म्हटलं, "मामा, ते तसंच आहे. कोंडीरामनं सांगितलंय."

"मास्तर, तुमी कविता वाचा."

त्यानं पहिल्या शिफ्टचे पाच फिटर हाक मारून बोलावले. ही माणसं मशीन बसवताना केसाएवढा फरक ओळखणारी. दुपारपर्यंत ती टेकू ठोकत होती. ओळंबा सोडत होती. एकमेकांना शिव्या देत होती. चारी सेंटरिंगं सरळ झाली तेव्हाच काँक्रीट पडलं. पोराची परीक्षा आहे म्हणून कुणी चहासाठीसुद्धा थांबलं नाही.

कोंडीराम रविवारी परतला. फळ्या काढल्या होत्या. चार खांब उभे होते, बंदुकीच्या नळीसारखे सरळ. मामानं एका खांबाला लेव्हल लावली आणि त्याला जवळ ओढलं.

"बुडबुडा बघ. मधोमध. ट्रकवाल्यानं तुझं वाटोळं केलं हुतं. आमी वाचवलं."

कोंडीराम रेतीच्या ढिगावर बसला.

"हरखलाय," अंबूबाई म्हणाली. "बोलायला सुचंना त्याला." तिनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. त्याच्याही ठेवली. त्यानं ती खाल्ली.

ज्युरी मंगळवारी होती. दुसरे खांब ओतायला वेळ नव्हता. मी त्याला म्हटलं, "ड्रॉइंग सुधार. रेघा सरळ कर. संपलं."

"हं," तो म्हणाला.

परीक्षक आले. पांढरा बुशशर्ट, काळा चष्मा, तोंडात न पेटवलेला पाइप. बरोबर मुख्य सर. वसाहतीतली दुसऱ्या शिफ्टची माणसं कामावर जायच्या आधी घोळका करून उभी होती. मामानं रजा टाकली होती. ड्रॉइंग गुंडाळलेलंच होतं. परीक्षकांनी आधी खांब पाहिले. मागे सरकले, पुन्हा पाहिले.

"गेल्या वर्षी तो तमाशा केलास, तो तूच ना?"

"हो सर."

"सुधारलास की. नक्षी नाही, नाटक नाही. स्वच्छ, सरळ. कामही अचूक आहे." त्यांनी सरांकडे पाहिलं. "घेऊन टाका याला."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामानं लेव्हल पुढे केली. "सायेब, बुडबुडा बघा." परीक्षकांनी खरंच वाकून पाहिला.

आता कोंडीरामनं फक्त थँक्यू म्हणायचं होतं. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं ड्रॉइंग सोडलं आणि खांबाच्या पायाशी पसरलं.

"सर, हे खांब माझे नाहीत."

"म्हणजे?"

"माझे हे. कलते. जे उभे आहेत ते मामांचे आहेत. डिग्री द्यायची तर मामांना द्या."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. परीक्षकांनी ड्रॉइंग पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"हा कल कशाला?"

"भाज्याला आहे, सर."

"तिथं तो लाकडाचा उरलेला आहे. दगडातच निरुपयोगी होता. सिमेंटमध्ये तर खुळेपणा."

"हो सर."

"हो काय? मग काढून टाक. सरळ ड्रॉइंग दे, मी आत्ता सही करतो."

कोंडीरामनं मान हलवली. आडवी.

माझ्या ओळखीत सरळ खांबावर नापास झालेला तो एकटाच.

परीक्षकांची गाडी गेली. मामाचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "माझ्या कामाला तू लोकांदेखत रिजेक्ट म्हणालास," एवढंच बोलला. अंबूबाईनं त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता साऱ्या ग्रीक लोकांचा उद्धार केला. पुढच्या सोमवारी कोंडीराम कंपनीच्या सिव्हिल विभागात रुजू झाला. पहिलं काम: सायकल स्टँड.

मामाभाचे एका घरात राहून बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी अंबूबाईच्या मार्फत मागायचे. विहाराचं काम थांबलं. पडवीवर छत टाकायचं कुणी नाव काढेना.

मग एका गुरुवारी मामा दिसेना. संध्याकाळी आला तो धुळीनं माखलेला. पिशवीत ओळंबा, लेव्हल, टेप. थेट कोंडीरामसमोर बसला. मी तिथंच होतो.

"भाज्याला गेलतो," मामा म्हणाला. "तिथला पहारेकरी इचारतोय, काय दुरुस्ती काढलीय का?"

कोंडीरामनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"मी एकेक खांब मोजला. मला वाटलं, हाताखालची पोरं चुकली असतील. एक असा, दुसरा तसा. पण न्हाई. सगळे जवळजवळ एकाच मापानं कललेत." तो घोटभर पाणी प्यायला. "चुकून सगळे सारखे चुकत न्हाईत. ठरवून केलंय त्यांनी."

"मी तेच म्हणत होतो, मामा."

"तू म्हणत हुतास, पण तू संडासाचंबी म्हणतोस. कुठलं खरं धरायचं माणसानं?"

अंबूबाई आतून म्हणाली, "बोलायला लागलात ना? मग मीठ आपापलं घ्या."

कंपनीत एक रीत आहे. जॉब रिजेक्ट झाला तर ज्यानं केला त्यानंच तो पुन्हा करायचा. पुढच्या गुरुवारी मामा घण घेऊन गेला. चारी खांब त्यानं स्वतः फोडले, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तेच पाच फिटर आले. आता ओळंबा सोडून ठरलेला कल मोजायचा होता आणि चारी खांबांना तो सारखा आणायचा होता. मामा कोंडीरामवरच ओरडत होता, "तुझं हे टोक जास्त कललंय! काय वाटंल ते चालतंय व्हय?"

विहार पुरा झाला. लोक आत जाताना पहिल्यांदा वर बघायचे आणि भरभर पावलं उचलायचे. मग सवय झाली. आता बसचा कंडक्टर तो स्टॉप "वाकडे खांब" असा पुकारतो. बस तिथं थांबते.

कोंडीराम कंपनीतच आहे. त्याचे सायकल स्टँड मी पाहिलेत. सरळ आहेत. "सायकलींना काय कळतं," तो म्हणतो.

गेल्या महिन्यात इमारतींची पाहणी करणारा एक ओव्हरसियर आला. तरुण होता. पडवीसमोर उभा राहून धोकादायक बांधकाम, असं काहीतरी पुटपुटला. मामा आता रिटायर झालाय, दिवसभर पडवीतच असतो. त्यानं त्याला बोलावलं.

"सायेब, पाठ लावून उभं ऱ्हावा."

ओव्हरसियर राहिला. त्याचं डोकं पुढे आलं.

"अहो, हा पडतोय!"

"पडतोय की. चारीबी सारखेच पडत्यात. मोजून बघा."

त्यानं मोजले. सारखे निघाले. त्याला काय लिहावं कळेना. "हे डिझाइन कुणाचं? त्यांची डिग्री?"

"ह्याच्यावरच नापास झालाय," मामा अभिमानानं म्हणाला. पायरीशी कोंडीराम सायकलची चेन बसवत होता. "काय रं, पडायला किती वर्षं म्हणालास?"

कोंडीरामनं मान वर केली नाही. "दोन हजार," म्हणाला, आणि पॅडल फिरवून चेन बसली का ते पाहिलं.