नववं घर

"पर्स ओत बघू." शकूमावशी माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य.

नेपरव्हिलच्या आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये मी फोनवर नवऱ्याशी बोलत बसले होते. शेजारी सत्तरीच्या आसपासच्या एक बाई, साडीवर मुलाचं जाडजूड जॅकेट चढवून, क्रोशाच्या सुईनं काहीतरी विणत होत्या. माझं मराठी त्यांच्या कानावर पडलं आणि माझ्या पर्सचा गाठ मारलेला पट्टा त्यांच्या डोळ्यांत भरला. नाव-गाव विचारायच्या आधीच त्यांनी मला ती पर्स वॉशिंग मशीनच्या झाकणावर रिकामी करायला लावली. आतून निघाल्या किल्ल्या, लायब्ररीचं कार्ड, आईनं दिलेली ओव्याची डबी आणि इंडियाला फोन करायची तीन संपलेली कॉलिंग कार्डं.

"ही संपलेली कशाला जपून ठेवलीस?"

मी ती कार्डं एकावर एक रचली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "मग यांना आतून वेगळा कप्पा लागेल," एवढंच म्हणाल्या आणि कार्डाच्या कडेला बोटं लावून माप घेतलं.

ही त्यांची पद्धतच होती. पिशवी कशी हवी हे त्या कुणालाच विचारायच्या नाहीत. "बायका खोटं सांगतात गं. म्हणे, छोटीशीच हवी. सामान बघितलं की कळतं खरं काय ते." मग दोन दिवस त्या सामानाचा विचार करायच्या आणि तिसऱ्या दिवशी कागद, नमुना काहीही समोर न ठेवता विणायला बसायच्या.

मी नागपूरची सिव्हिल इंजिनियर. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. ड्रॉइंगशिवाय विटेवर वीट ठेवू नये अशा शिकवणीत वाढलेल्या माझ्यासारखीला हे बघवेना. मी त्यांच्या एका पिशवीचं आलेखाच्या कागदावर रीतसर, टाका न् टाका मोजून ड्रॉइंग काढून दिलं. मावशींनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, "छान काढलंस हो," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यावर मटार सोलत होत्या.

चुका त्यांच्याही व्हायच्या. फलटणला सारा जन्म सुती दोऱ्यानं विणण्यात गेलेला. इथल्या दुकानातली लोकर त्यांना नवीन. माझी पहिली पिशवी घेऊन आम्ही लायब्ररीत गेलो. पाच पुस्तकं भरली आणि घरी येईपर्यंत पिशवी माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबली. मावशी रस्त्यातच थांबून हसत सुटल्या. "फार लाडावलेली आहे ही लोकर. जरा वजन आलं की बसलीच मान टाकून." घरी येऊन त्यांनी अर्धी पिशवी उसवली आणि चार ओळी कमी करून पुन्हा विणली. उसवताना त्यांचा चेहरा विणतानाइतकाच शांत असायचा. मी मात्र प्रत्येक टाका सुटताना नजर दुसरीकडे वळवायचे.

पण त्यांची खरी गंमत होती ती मोजण्यात. पिशवीचा गोल तळ विणताना प्रत्येक फेरीत आठ ठिकाणी एका टाक्यात दोन टाके घालावे लागतात, तरच तो सपाट बसतो. मावशी एक-दोन-तीन असं मोजत नसत. फलटणच्या त्यांच्या गल्लीत आठ घरं होती. त्या घरं घ्यायच्या. "शिंप्यांचं, दोश्यांचं, मास्तरांचं, मुजावरांचं, नर्सबाईंचं, रिकामं, तांबटांचं, आमचं." दर घराला एक वाढीव टाका. फेरीगणिक दोन घरांमधलं अंतर एकेका टाक्यानं वाढत जायचं.

"रिकामं घरही घ्यायचं?" मी विचारलं होतं.

"का? भाडेकरू नाही म्हणून घर उठून जातं का?"

दोन हिवाळे मी त्यांच्याजवळ बसून विणायला शिकले. न पाहिलेली ती गल्ली मलाही पाठ झाली. त्या गल्लीत आता त्यांचं कुणीच उरलं नव्हतं. घर विकून त्या मुलाकडे, अभयकडे, कायमच्या आल्या होत्या.

मग तिसऱ्या हिवाळ्यात एकदा बर्फातून परतताना मावशी चुकून पलीकडच्या बिल्डिंगमध्ये शिरल्या आणि परक्याच दारावर थापा मारत राहिल्या. सगळ्या बिल्डिंगी एकसारख्या, माझंही तसं झालं होतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्याकडून स्टोव्ह चालू राहिला. अभयनं मला पार्किंगमध्ये गाठलं. "आईच्या मेमरीचं जरा टेन्शनच आलंय यार. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला. पुण्यात एक चांगलं असिस्टेड लिव्हिंग आहे, चोवीस तास देखभाल करतात, मी सगळं चेक केलंय. पण तिला सांगवत नाही."

मावशींना न सांगताच कळलं होतं. "आठ घरं ओळीनं घेता येतात तोवर मी शाबूत आहे," त्या मला म्हणाल्या. "गल्ली चुकले की मग पाठवा खुशाल." हसून म्हणाल्या, पण सुई हातात घट्ट धरली होती.

त्याच सुमारास मला नोकरी करायची परवानगी मिळाली, एका लहानशा फर्ममध्ये नोकरीही लागली. मावशींनी माझ्या नव्या डब्याचं आणि ड्रॉइंगच्या गुंडाळीचं माप घेतलं आणि निळी पिशवी विणायला घेतली. तळ झाला तेव्हा पट्ट्यासाठी जुळता रंग आणायला म्हणून शनिवारी माझ्याकडे दिला. घरी टेबलावर ठेवला तर तो सपाट बसेना, कडेला लाट येत होती. मी वाढीव टाके मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊच.

मावशी गल्ली चुकल्या होत्या. हे अभयला कळता कामा नये, मावशींनाही कळता कामा नये. मी तो तळ पार मधल्या कड्यापर्यंत उसवला आणि रविवारभर बसून आठ घरांचा पुन्हा विणला. फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं मला.

सोमवारी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओठांतल्या ओठांत घरं म्हणत कडेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. मग तळ घडी घालून बाजूला ठेवला. "आज डोळे दुखतायत."

त्यानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. बुधवारी लायब्ररीला आल्या नाहीत. गुरुवारी अभयचा फोन आला. "अगं, आई स्वतःच म्हणतेय, मला पुण्याला पाठव. असं अचानक काय झालं?"

मी तशीच चपला घालून बर्फातून धावत गेले. मावशी खिडकीशी बसल्या होत्या.

"रोहिणी, मी नऊ घरं घातली होती," त्या म्हणाल्या. "लख्ख आठवतंय मला. आणि बघते तर आठच. म्हणजे नुसती मनातच विणत बसले होते. असं व्हायला लागलं की संपलंच."

"नऊ कशी मावशी? गल्लीत तर आठच..."

"नववं तुझं. आमच्या शेजारी. तिथे खरं तर हौद होता, पण आता तिथे पाणी भरायला कोण येतंय? म्हटलं, राहू दे हिला शेजारी."

मला रडूच कोसळलं. हुंदके देतच मी सगळं सांगून टाकलं. मावशींनी माझ्या हातावर एक चापट मारली, चांगली लागेल अशी.

"मला वेडी ठरवून मोकळी झालीस? टाके तुझ्या हातचे, घट्ट दिसत होतेच. पण माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा मलाच धीर राहिला नव्हता. विचारायचं होतंस गं मला! एका शब्दानं विचारायचं होतंस."

"चुकले मावशी."

"चुकलीस. आता उसव. माझ्यासमोर. आणि घरं मोठ्यानं म्हण."

मी उसवलं, पुन्हा विणलं आणि नऊ घरं मोठ्यानं म्हटली. संध्याकाळी अभय आला तेव्हा त्यालाही मी सगळं सांगितलं. पुण्याचा विषय मागे पडला.

पुढे दोन वर्षांनी मावशींची गल्ली खरोखरच पुसट होत गेली. आधी तांबट गेले, मग मास्तर. अभयनं त्यांना पुण्याला पाठवलं नाही. दिवसा एक बाई ठेवली. मी रविवारी जाऊन बसायचे. मावशी वारल्या त्याच्या आधीच्या महिन्यात मी ती निळी पिशवी घेऊन गेले. ती अजूनही जमिनीवर ठेवली की एका बाजूला कलते. मावशींनी मला ओळखलं नाही. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं त्यांनी विचारलं, "कुठलं घर तुमचं?"

"नववं," मी म्हटलं.

तळाच्या कडेवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत गेलं.

"अगंबाई, मग आमच्या शेजारचंच की," म्हणाल्या, आणि सरकून मला बसायला जागा केली.