चार्जिंगला लावलेल्या गाडीतले काका

मंडळी, दुपारचा प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं मालवणहून गोव्याला निघालो होतो. बांद्याजवळ हायवेवरच्या हॉटेलात चार्जिंग करायला थांबलो. तिथल्या एकुलत्या एका पॉइंटला आधीच गाडी लावलेली. मशीनवर चार्जिंग पूर्ण झाल्याचं दिसत होतं आणि आत एक काका डोळे मिटून बसले होते.

मी हॉर्न वाजवला. हॉटेलमालक म्हणाला, "तो मघापासून निजलो आसा. दोन गाडीवाले वाट बघून गेले."

मी चिडून काचेवर थापा मारल्या, तरी ते हलले नाहीत. बायको वाकून आत बघत म्हणाली, "अरे, तेंका घाम किती इलो बघ. ते निजलेले नाय."

दारं आतून बंद होती. मालकाने दगडाने मागची काच फोडली. श्वास चालू होता, पण हाका कळत नव्हत्या. ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांना घेऊन गेली. गाडीतच राहिलेल्या काकांच्या फोनवर त्यांच्या मुलीचा कॉल आला, तो मीच घेतला आणि तिला माझा नंबर दिला.

आत्ता तिचा मेसेज आलाय. बाबा अजून शुद्धीवर नाहीत.

बायको सोबत नसती, तर मीही चरफडत पुढे गेलो असतो. तुम्ही आत वाकून बघितलं असतं का?