लसूणघासातली दुसरी गोळी

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शन घेतली आणि सौदीत जुबैलला आलो. एका कंत्राटदाराच्या लेबर कॅम्पवर सिक्युरिटी सुपरवायझर होतो. बरं चाललं होतं. मग सौदीकरणाचा हुकूम आला. गेटवर आणि सिक्युरिटीत सौदी माणूसच पाहिजे. कफीलनं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो त्या मालकानं, ऑफिसात बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, "तुझी बदली. माझ्या भावाच्या शेतावर."

"शेतावर मी काय करू?"

"इथं करतोस तेच. इकाम्याच्या कार्डावर, राहण्याच्या परवान्यावर, फक्त पंप ऑपरेटर लिहिलेलं असेल."

मी सातारा जिल्ह्यातला. शेताला काय भ्यायचं? वळकटी बांधली आणि निघालो.

शेत हरधच्या वाटेवर, वाळवंटात होतं. मधोमध बोअर, त्याभोवती चाकांवर फिरणारा लांबलचक लोखंडी पाइप. तो फिरेल तेवढं गोल हिरवं. त्याला पिव्हट म्हणत. आत लसूणघास पेरलेला, तो कापून मालकाच्याच डेअरीला जायचा. गोलाच्या बाहेर पाऊल टाकलं की वाळू.

वर्षभर रखवालीचं सगळं मीच बघितलं. मग हुकूम तिथंही पोचला आणि मिस्फिर आला. तिशीतला सौदी, काटक, उन्हानं रापलेला. माझी खुर्ची त्याला दिली आणि वर त्याला शिकवायचंही मीच! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, खोटं कशाला बोलू. चार दिवस धड बोललो नाही त्याच्याशी. पाचव्या दिवशी पोरगं माझ्यासाठी घरून खजूर घेऊन आलं आणि म्हणालं, "अबू विजय, तू रागावला आहेस. पण हुकूम मी काढलेला नाही." अबू विजय म्हणजे विजयचा बाप. माझ्या मुलाचं नाव त्यानं कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. आता अशा माणसावर किती दिवस रुसणार? दुसऱ्या दिवसापासून गेटवर दोन खुर्च्या मांडल्या.

तिसरा माणूस कासमभाई. शेतावरच्या कामगार कॅम्पचा स्वयंपाकी, दाभोळ खाडीच्या काठचा, वयानं माझ्याएवढाच. शेतावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळं संध्याकाळ त्यांच्या किचनच्या पायरीवर जायची. माझ्या तिखटाला ते नावं ठेवायचे, त्यांच्या नारळाला मी. "हवालदार, तुमच्याकडं आमटी करतात की शिक्षा देतात?" असं त्यांचं बोलणं. मला हवालदारच म्हणायचे, नाव कधी घेतलं नाही.

मालकानं हौसेनं हरणं पाळली होती. आमच्याकडच्या चिंकाऱ्यासारखी, वाळूच्या रंगाची. एका वादळात त्यांचं कुंपण पडलं, हरणं बाहेर गेली आणि वाढली. पहाटे येऊन लसूणघासाचे कोवळे शेंडे खायची. डेअरीचा मॅनेजर ओरडायला लागला. पकडून बघितली, तर दोन जाळ्यातच धडपडून मेली. शेवटी मालक म्हणाला, नर कमी करा, आणि मारलेलं हरीण कामगारांच्या मेसला द्या.

रायफल मालकाची, कागदपत्रं मालकाची, चालवणार मिस्फिर. परदेशी माणसानं तिला बोटही लावायचं नाही. मी दुर्बीण घेऊन त्याच्या शेजारी पडायचं आणि सांगायचं. वारा कुठला, अंतर किती, कोणता नर, कधी थांबायचं. सपाट शेतात हरणाजवळ जाणं सोपं नाही. पाइपाची चाकं फिरून घासात खोल चाकोरी पडते. तिच्यात शिरून कोपरांवर सरकत जायचं. पन्नाशी उलटल्यावर कोपरांवर सरकणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पण सांगतो, मला मजा वाटत होती. किती तरी वर्षांनी आपल्या हातचं काम मिळालं होतं.

मेसमध्ये बातमी गेली आणि लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. रोज ती बर्फातली कोंबडी खाऊन सगळे विटले होते. कासमभाईंनी जाहीर केलं, "पहिलं हरीण आलं की शुक्रवारी बिर्याणी. मालक जेवतो तशी." त्यांनी घरून मागवलेला मसाला जपून ठेवला होता, तोही बाहेर काढला.

पहिल्या खेपेला मिस्फिरनं गोळी सोडली, नर उडाला आणि पडला. मिस्फिरनं रायफल खाली ठेवली आणि हसत माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात नर उठला आणि पळाला. वाळूत रक्ताचा माग काढत गेलो. ऊन वर आल्यावर तो एका झुडपाखाली सापडला, मेलेला. फार हाल होऊन मेला होता. मला वाईट वाटलं. मिस्फिर तर मान वर करीना.

हरीण किचनच्या दारात आणून टाकलं. कासमभाईंनी मानेला हात लावून बघितला आणि उठले.

"हे नाही चालायचं."

मिस्फिर म्हणाला, "मी बिस्मिल्ला म्हणूनच गोळी सोडली. हलाल आहे."

"तुमच्यात असेल, बाबा. आमच्या कोकणात गोळीनं मेलेलं खात नाहीत. जीव असताना सुरी फिरली पाहिजे. माझ्या हातानं मी हे रांधणार नाही."

मेसमध्ये बोंबाबोंब झाली. एकानं तर तोंडावर सुनावलं, "चाचा, मालक खाऊ देतो आणि तुम्ही तोंडचा घास काढता!" कासमभाई डाळ ढवळत राहिले. संध्याकाळी पायरीवर मला म्हणाले, "हवालदार, माझ्या भरवशावर जेवतात ना ही माणसं? मग माझ्या मनात किंतू असलेलं त्यांच्या ताटात कसं वाढू?" हे त्यांना फार लागलं होतं. सगळ्यांना पोटभर आणि चोख खाऊ घालायचं, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं होतं.

म्हणून दोन गोष्टी केल्या. मिस्फिरला मी फौजी ड्रिल दिलं. गोळी सुटली की डोळा रायफलवरच्या दुर्बिणीवरून हलवायचा नाही. बोल्ट लगेच मागं-पुढं, पुढची गोळी चढवायची. जनावर उठलं की दुसरी गोळी, विचार करायचा नाही. रिकाम्या रायफलवर त्याचा हात बसेपर्यंत घोटून घेतलं. आणि कासमभाई म्हणाले, "मी गाडीपाशी थांबत नाही. गाडी वाळूतून येईपर्यंत जीव जातो. मला जवळ न्या. बार झाला की मी धावतो." मी म्हटलं, चला. त्यांची जागाही मीच ठरवली, आमच्या डाव्या हाताला, जरा मागं.

दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. फौजेत माझं आयुष्य रेंजवर गेलं. रेंजवर फायरर आणि टार्गेटच्या मधे माणूस येतच नाही. लाल झेंडा असतो, संत्री असतो, शिट्टी असते. तिथं हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळं इथं ते सांगायला पाहिजे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवार उजाडला. पहाटेची फजरची नमाज मिस्फिर आणि कासमभाईंनी पिकअपच्या आडोशाला शेजारी शेजारी पढली. मी टायरला टेकून उभा होतो. कासमभाईंनी स्वयंपाकाचा पांढरा सदरा घातला होता. मी म्हटलं, "असं पांढरं घालून शिकारीला येतात होय?"

"मी शिकारीला कुठं आलोय? मी मटण आणायला आलोय."

मिस्फिर हसला. "यल्ला, चाचा."

कासमभाईंच्या अंगावर मी घासाचे भारे पांघरले आणि तिघंही चाकोरीत शिरलो. वारा समोरून होता. कळप पिव्हटच्या कडेला चरत होता, मागं वाळूचा उंच बांध. गोळी बांधात जिरणार, ते मी आधी बघून ठेवलं होतं. कॅम्पला वॉकीवर सांगितलं, "पोझिशनमध्ये आहोत. पलीकडच्या रस्त्यानं ट्रॅक्टर सोडू नका. ओव्हर."

"ठीक, हवालदारसाब. ओव्हर."

बराच वेळ नर आडवा उभा राहीना. मग राहिला.

"मिस्फिर. डावीकडचा. खांद्याच्या मागं."

"दिसला."

"श्वास सोड. घाई नको."

तो ओठात बिस्मिल्ला म्हणाला. बार झाला. नर जागेवर बसला. बाराच्या आवाजानं माझे कान बंद झाले होते, त्यामुळं डावीकडचा घास सळसळला तो ऐकू आला नाही. माझा डोळा दुर्बिणीत, मिस्फिरचाही दुर्बिणीत, आणि त्या दोन्ही दुर्बिणींत फक्त हरीण. नर पुढच्या पायांवर उठायला लागला. बोल्ट फिरलेला मला जाणवला. शिकवलं होतं तितकंच चपळ. दुर्बिणीत एकदम पांढरं काहीतरी आलं.

"रुको!"

माझी हाक आणि दुसरी गोळी बरोबरच सुटली.

कासमभाई तोंडावर पडले. गोळी मांडीच्या वरच्या अंगाला लागली होती. माझे हातपाय गळाले नाहीत, फौजेची कृपा. मिस्फिरच्या डोक्याचा रुमाल ओढून घेतला, जखमेत कोंबला आणि गुडघा रोवून बसलो. मिस्फिर रायफल टाकून नुसता उभा होता.

"मिस्फिर! गाडी!"

तो हलेना.

"गाडी आण, गाढवा!"

तेव्हा पळाला. हरीण तिथंच मेलं. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

हुफूफचं हॉस्पिटल लांब होतं. मिस्फिर गाडी चालवत होता आणि मोठ्यानं रडत होता. मागं पिकअपच्या हौद्यात मी आणि कासमभाई. रुमाल भिजला, माझा शर्ट लावला, तोही भिजला. अशी जखम मी आधी बघितली होती. पुढं काय होणार ते मला कळलं होतं, आणि कळूनही मी "काही नाही, काही नाही" म्हणत होतो.

कासमभाई शुद्धीवर होते. म्हणाले, "हवालदार, त्या पोराला बोल लावू नका. मी उठलो मधे."

"गप पडा. बोलू नका."

थोड्या वेळानं म्हणाले, "तांदूळ भिजत घातलेत. फार वेळ राहिले तर मोडतील. पाणी काढायला सांगा."

मी वॉकी काढला. हात रक्तानं बरबटलेला, बटण दाबता येईना. "कॅम्प, कॅम्प. किचनमध्ये तांदूळ भिजलेत. पाणी काढा. ओव्हर."

"हवालदारसाब, काय झालं? बार दोन ऐकले. ओव्हर."

"आधी पाणी काढा. ओव्हर."

कासमभाईंनी मान हलवली. त्यानंतर ते बोलले नाहीत. हुफूफच्या अलीकडं, चेकपोस्ट लागायच्या आधी, माझ्या गुडघ्याखालचं रक्त यायचं थांबलं. मी तरीही गुडघा काढला नाही. हॉस्पिटलच्या दारात दोघांनी मला धरून बाजूला केलं.

मिस्फिरला पोलिसांनी ठेवून घेतलं. मी जबाब दिला. ड्रिल मी दिलं, जागा मी ठरवली, आणि जखमी माणूस स्वतः काय बोलला, सगळं जसंच्या तसं. कासमभाईंच्या बायकोनं भावाकरवी कळवलं, आमचं कुणावर काही म्हणणं नाही, माती तिकडंच द्या. मिस्फिर सुटला. पुन्हा गेटवर मात्र आला नाही. रायफल हातात धरणार नाही म्हणून आपल्या गावी उंटांकडं निघून गेला.

दफन हुफूफलाच झालं. कॅम्पची सगळी माणसं गेली होती. तोंडावर सुनावणारा तो माणूसही होता, तोच जास्त रडत होता. मी भिंतीपाशी उभा राहिलो. कुणी अडवलं नसतं, पण मला पुढं जाववेना. तिकडं कबरीवर नाव लिहीत नाहीत. एक दगड डोक्याशी, एक पायाशी, बस. मातीचे सगळे उंचवटे सारखेच. परत गेलो तर मला ओळखूही येणार नाही.

महिन्याभरात नोकरी सोडली आणि कायमची एक्झिट घेऊन घरी आलो. बॅग उघडायच्या आधी कोकणात गेलो. त्यांच्या बायकोनं ओटीवर चटई टाकली आणि पडद्याआडून विचारलं, "शेवटी काय बोलले?"

फौजेत शहीद जवानाच्या घरी मी दोनदा गेलोय. तिथं घरच्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलतात. मी खरं ते सांगितलं. मिस्फिरला बोल लावू नका म्हणाले. तांदळाचं पाणी काढा म्हणाले.

"आणि?"

"एवढंच, वहिनी."

मग त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी काहीच नाही?"

काय सांगणार होतो? खोटं बोलायला पाहिजे होतं, असं आजही वाटतं. एक वाक्य तर लागलं असतं.

आमच्या गावात माजी सैनिक पुष्कळ. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावच्या शहिदांची नावं वाचतात आणि आम्ही सावधानमध्ये उभे राहतो. परत आल्यावर पहिल्याच वर्षी मी आमच्या माजी सैनिक संघटनेच्या सेक्रेटरीच्या हातात एक चिठ्ठी दिली. तो सुभेदार म्हणून रिटायर झालेला, नियमाचा पक्का. त्यानं चष्मा लावला.

"हा कोण? आपल्या गावचा नाही."

"नाही."

"कुठली पलटण?"

"पलटण नाही. स्वयंपाकी होता."

"मग हे नाव मी कसं वाचू?"

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या शब्दावर पुढं आला होता. त्याच्या कबरीवर नाव नाही. कुठंतरी एकदा मोठ्यानं वाचलं जाऊ दे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चिठ्ठी यादीच्या खाली टाचली. सगळी नावं झाली, मग तो थांबला, घसा साफ केला आणि वाचलं, "कासमभाई, जिल्हा रत्नागिरी." पुढं काय म्हणायचं ते त्याला सुचेना. मी पहिल्या रांगेत होतो. सॅल्यूट मी एकट्यानंच केला, आणि हात खाली घ्यायचा हुकूम बराच वेळ कुणी दिला नाही.