बाबांची जर्मन गाणी

पुण्याचा फ्लॅट बंद करताना आईने सगळं मुकाट्याने सोडलं. भांडी मावशीकडे गेली, कपाट शेजाऱ्यांनी नेलं. बाबांच्या रेकॉर्ड्सपाशी मात्र ती अडून बसली. "ह्या सामानात टाकायच्या नाहीत. मांडीवर घेईन," म्हणाली. आणि खरंच, ती जड पिशवी तिने अमेरिकेत, रेडमंडला माझ्या घरी पोचेपर्यंत हातातून सोडली नाही. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. तिला कायमचं इकडे आणायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

बाबा पिंपरीला कारखान्यात होते. माझ्या जन्माआधी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं, तिथून त्यांनी या रेकॉर्ड्स आणल्या. सगळी प्रेमगीतं. बायकांचे जरा घोगरे आवाज, मागे अकॉर्डियन. रविवारी सकाळी मटार सोलता सोलता आई विचारायची, "आज काय म्हणतेय ती?" बाबा अर्थ सांगायचे. ती त्याला म्हणतेय, लवकर ये, मी जेवायची थांबलेय. आई हसायची. मला वाटायचं, जर्मन लोक फार घरगुती असावेत.

इथे मी एक जुना टर्नटेबल घेतला. हिवाळ्यात रेडमंडला दुपारी चारलाच अंधारतं, पाऊस धड पडत नाही नि थांबतही नाही. मी मीटिंगमध्ये, नवरा समीर ऑफिसात, लेक ईरा शाळेत, आणि आई खिडकीपाशी ती गाणी लावून बसलेली. लॅपटॉप मिटेपर्यंत माझ्यात बोलायचं त्राण उरायचं नाही. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढं विचारलं की माझा दिवस संपायचा. समीरशी तरी काय वेगळं बोलत होते? ईराला कोण पिकअप करणार, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवले का.

एका शनिवारी ईराने फोन स्पीकरपाशी धरला आणि स्क्रीनवरचं भाषांतर वाचलं. "आजी, ती त्याला सांगतेय, डोन्ट कम बॅक. एव्हर."

मी आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती.

"असेल," ती म्हणाली. "ह्यांना कुठे येत होतं एवढं जर्मन?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अगं, त्याच गाण्याचा अर्थ दर वेळी बदलायचा. कधी ती बाई जेवायची थांबलेली, कधी त्याच्यासाठी स्वेटर विणणारी. एकदा मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते, तेव्हा ती म्हणत होती, चूक माझीच झाली." तिने काड्या बाजूला केल्या. "ह्यांना सरळ काही बोलता यायचं नाही. मग मी विचारायचे."

मग ईराला म्हणाली, "तो फोन ठेव बाळा. मला नको सांगूस."

चार दिवसांनी ती मला म्हणाली, "फ्लॅट विकू नकोस. मी जाते."

"इथे काही कमी पडतंय का, आई?"

"कमी काही नाही गं. तुम्ही दमून येता, दिसतं मला. पण दिवसभर मी बोलू कुणाशी? ती बाईसुद्धा जर्मनच बोलते."

मी तिला थांबवायला हवं होतं, निदान भांडायला तरी. तिच्या ग्रीन कार्डचा अर्ज करायचं मनात होतं, ते सोडून दिलं आणि परतीचं तिकीट काढलं. खरं सांगायचं तर मला थोडं हलकंही वाटलं, आणि त्याचा थकवा वेगळा आला. आपल्यापैकी ज्यांनी आई-वडिलांना इकडे आणलं नि परत पोचवलं, त्यांना हा थकवा ओळखीचा असेल.

मार्चमध्ये ती गेली. पुण्याला पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून निघून ट्रॅफिकमध्ये अडकले होते, वायपर चालू होते. मावशीने डबा पाठवलाय, नळाला पाणी आहे, असं सगळं सांगून झालं. मग तिने विचारलं, "तू घरी पोचलीस का?"

माझ्या या घराला ती इतकी वर्षं 'तुमच्याकडे' म्हणत आली होती.

"पोचतेच आहे," मी म्हणाले.