दुधाला जायफळाचा वास

बाळंतपण माहेरी, मेढ्याला झालं. मुलगा तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला घेऊन मी विट्याला सासरी आले. नवरा गलाईच्या धंद्यात, तामिळनाडूत सोनं गाळायचं दुकान चालवतो. सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत. त्यामुळे घरात मी, बाळ आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो.

बाळ दूध उलटायचं. मेढ्यातही उलटायचं, पण तिथं आई पदरानं पुसायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. विट्यात ते वाढलं, निदान मला तसं वाटलं. पाजून खांद्यावर घेतलं की ढेकरेबरोबर दह्यासारखं फुटलेलं दूध माझ्या पाठीवरून ओघळायचं. कधी नाकातूनही यायचं. मग तो पाठ ताठ करायचा, मान मागं टाकायचा आणि रडून लालबुंद व्हायचा. परत छातीशी धरलं की दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा. माझ्या अंगाला, गादीला, पडद्यालासुद्धा आंबट वास यायला लागला होता.

बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला कारण ठाऊक असायचं, आणि ते कारण मी असायचे. मेथी खाल्लीस का? हरभऱ्याची डाळ खाल्लीस का? गार पाण्यात हात घातलास का? मी एकेक पदार्थ सोडत गेले. शेवटी ताटात भाकरी, दुधी आणि तूप एवढंच उरलं, तरी बाळ ओकतच होतं. एक दिवस चुलत सासूबाई आल्या. बाळाच्या ओल्या झबल्याकडं बघून म्हणाल्या, "दूधच जड हाय हिचं. वाटीत काढ आन् मुंगी सोडून बघ त्यात. मुंगी मेली तर पाजू नको गं बया, वरचं दूध चालू कर."

मी हसले. बी.एस्सी. झालेली बाई मी, आणि मुंगी सोडून बघू? पण त्या गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मी वाटीत थोडं दूध काढलं आणि ओट्यावरची एक मुंगी आत सोडली. मुंगी पाय झाडत गोल फिरायला लागली. मी वाकून बघत होते, आणि आत्या कधी मागं येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांनी बोट घालून मुंगी बाहेर काढली, ओट्यावर झटकली आणि म्हणाल्या, "पाण्यात पडली तरी मरती ती. वाटी धू."

त्यांनी माझी बाजू घेतली होती की मला वेड्यात काढलं होतं, याचा मी दिवसभर विचार करत राहिले. आत्या मोजकं बोलतात. मोजकं बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते आपणच भरत बसतो, आणि त्या दिवसांत मी काही चांगलं भरत नव्हते.

त्यातच एका दुपारी मला तो वास आला. मी अंघोळ करून आले होते. आत्यांच्या मांडीवर बाळ गाढ झोपलं होतं. एरवी दुपारी डोळा न लावणारं पोर असं झोपलेलं बघून मला बरं वाटायला हवं होतं. मी त्याला उचललं तसं त्यानं थोडं दूध टाकलं. नेहमीच्या आंबट वासात दुसरा एक वास होता, गोडसर, उग्र. बासुंदीत असतो तसा. मी बाळाच्या ओठांना नाक लावलं. जायफळ.

सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं दवाखान्यातून निघतानाच सांगितलं होतं. विट्यात आल्या दिवशी मी ते आत्यांना सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या होत्या. तेवढंच. आता त्या 'बरं'चाच मला संशय यायला लागला.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आई तसं करणार न्हाई. उगं मनात घेऊ नकोस काय तरी." म्हणजे तोही त्यांच्याच बाजूचा. मग मी पाळत ठेवायला लागले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा, बादली भरत ठेवायची आणि दबक्या पावलांनी बाहेर यायचं. पहिल्या खेपेला बघितलं तर आत्या बाळाला उभं खांद्याशी धरून ओसरीवर फेऱ्या घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पाणी वाया चाललंय गं." माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. यांना कळलंय, म्हणून सावध झाल्या, असं मी धरलं.

त्यानंतर मी बाळाला सोडलंच नाही. अंघोळ उरकायची घाईघाईत, जेवायचं बाळ मांडीवर घेऊन. आत्या हात पुढं करून म्हणायच्या, "आण हिकडं, तू जेव निवांत." मी म्हणायचे, "राहू द्या." त्या हात मागं घ्यायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही.

तरी किती दिवस धरून बसणार? एका सकाळी मला ताप आल्यासारखं झालं, छाती दगडासारखी झाली होती, गाठी आल्या होत्या. आत्यांनी गरम पाण्याचं फडकं दिलं, शेकायला सांगितलं आणि बाळाला घेऊन आत गेल्या. शेकून, पिळून दूध काढल्यावर थोडी मोकळी झाले आणि देवघराकडं गेले. सहाण ओली होती. देवपूजा तर पहाटेच उरकली होती. मी सहाण उचलून नाकाशी नेली.

आत्या दारात उभ्या होत्या. बाळ त्यांच्या कडेवर.

"काय उगाळलंत यावर?" मी विचारलं.

"गंध."

"गंधाला जायफळाचा वास येतो व्हय?"

आत्या बाळाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लाव."

"आईला कशाला?"

"लाव म्हणते न्हवं."

मला वाटलं, आता माझी तक्रार होणार. तुमची लेक माझ्यावर आळ घेती, असं सांगणार. होऊ दे, म्हटलं. आई माझीच बाजू घेणार होती. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"विहीणबाई," आत्या म्हणाल्या, "कळलं हिला."

पलीकडनं माझ्या आईचा आवाज आला, "वास आला आसंल. मी तुमाला म्हणलं व्हतं, जायफळ कमी उगाळा."

मी फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"आई?"

"आगं, गुटी ती. हळकुंड, वेखंड, मुरूडशेंग, एकेक वळसा. तुला काय इख पाजलंय का आमी? तुमाला सगळ्यास्नी तेच दिलंय."

"तू सांगितलंस यांना?"

"मग? बारशापासनं देत व्हते मी. तू झोपायचीस तवा. हितनं जाताना तुझ्याच पिशवीत पुडी बांधून दिली व्हती, म्हणलं इहीण बघंल."

मेढ्याच्या घरात मी किती निर्धास्त झोपायचे. बाळ आईजवळ आहे म्हणून दोन-दोन तास डोळा उघडायचे नाही. ज्या घरात कुणाचा वास घ्यावा असं मनातही आलं नाही, तिथंच हे सुरू झालं होतं. मी फोन ठेवला. आत्यांवर चिडायला निघालेली मी, आता कुणावर चिडू ते कळेना.

"तुमी तरी सांगायचं मला," एवढंच म्हणाले.

"तुझ्या आईनं शपथ घातली व्हती," आत्या म्हणाल्या. "आन् तू माझ्याकडं आशी बघायचीस, सांगितलं आसतं तरी खरं मानलं आसतंस व्हय?"

त्याच आठवड्यात आम्ही दोघी बाळाला घेऊन सांगलीला गेलो, लहान मुलांच्या डॉक्टरांकडं. मी सगळं कसं सांगायचं ते गाडीत मनाशी जुळवत होते. पण डॉक्टरांनी विचारायच्या आतच आत्या म्हणाल्या, "गुटी मी देत व्हते. हिला ठावं नव्हतं. हिची काय चूक न्हाई." डॉक्टर बाईंनी मान वर करून आमच्या दोघींकडं बघितलं. बाळाचं वजन केलं. चांगलं वाढत होतं. रिफ्लक्स असेल, म्हणाल्या, पुष्कळ बाळांना असतो, नसेलही. गुटी बंद करायची. थोडं थोडं पाजायचं, पाजल्यावर बराच वेळ उभं धरायचं. हिरवी उलटी झाली, रक्त दिसलं, वजन थांबलं तर लगेच यायचं. दुधात दोष नाही तुमच्या, पाजत राहा.

बाहेर आल्यावर मी आत्यांना म्हणाले, "असेल, नसेलही, म्हणजे काय? त्यांना तरी कळलंय का?" आत्या म्हणाल्या, "आता डॉक्टरवर बी संशय का?" आणि मला पहिल्यांदा त्यांच्यासमोर हसू आलं.

गुटी बंद झाली. बाळ ओकायचं काही थांबलं नाही. उलट दुपारची झोप गेली आणि रडणं वाढलं. आत्या आता "बघ, मी म्हणत नव्हते?" म्हणतील, याची मी रोज वाट बघायचे. त्या म्हणाल्या नाहीत. पाजून झालं की हात पुढं करायच्या, बाळाला उभं खांद्याशी घ्यायच्या आणि फेऱ्या घालायच्या. त्यांच्या सगळ्या लुगड्यांच्या खांद्यावर पांढरे डाग पडले. तरी बाळ हातात आलं की माझं नाक आपोआप त्याच्या ओठांशी जायचं. आत्यांना ते दिसायचं. त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या.

बाळ बसायला लागलं आणि ओकणं हळूहळू कमी झालं. चुलत सासूबाईंच्या मते मी मेथी सोडली म्हणून. नवऱ्याच्या मते डॉक्टरांमुळं. मला कारण कळलं नाही, अजूनही नाही.

उष्टावणाला आई मेढ्याहून आली. मी स्वयंपाकघरात गेले तर ती आणि आत्या भांड्यावर वाकून हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मला बघून दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय?"

"खीर," आई म्हणाली.

मी पातेल्याला नाक लावायला गेले नाही. आईला एवढंच विचारलं, "तू मला सांगितलं का नव्हतंस?"

"सांगितलं आसतं तर दिऊ दिलं आसतंस?"

"न्हाई."

"मग?" म्हणाली आणि खीर ढवळायला लागली. तिला त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. आत्यांनी मात्र माझ्याकडं बघितलं आणि स्वतः एक चमचा खीर खाल्ली. मग बाळाला पाटावर बसवायला आम्ही तिघी बाहेर आलो.