तीनवारकाकांचं रिंगण

आमच्या गुरांच्या बाजारात एक माणूस असा आहे, की त्याला आईबापांनी ठेवलेल्या नावाने कुणी हाक मारत नाही. "एक वार, दोन वार, तीन वार" असं पुकारत त्याने इतकी जनावरं एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला पाठवली, की लोक त्याला तीनवारकाकाच म्हणू लागले. अंगाने काडी, पण आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा बहिरासुद्धा मान वर करून बघतो.

त्यांचं रिंगण म्हणजे लोखंडी नळ्यांचं गोल कुंपण. आत भुसा पसरलेला, भोवती पायऱ्यांसारखे चढत गेलेले बाक, वर पत्रा. कुंपणाच्या वरच्या नळीचा रंग कधीच गेलाय. तिथे पिढ्यान् पिढ्या लोकांनी कोपरं टेकली आणि पोटातलं ओठावर न आणता गुरं घेतली.

न आणता म्हणतो ते उगाच नाही. गुरांचं खरं गिऱ्हाईक कधी हात वर करत नाही. हात वर केला, की शेजारच्याला कळतं याचं मन कशावर बसलंय, आणि मग तो मुद्दाम भाव चढवतो. म्हणून एकजण टोपीची कड चिमटीत धरतो. दुसरा कानाची पाळी ओढतो. तिसरा तर नुसता बुटाचं टोक हलवतो. पुकारता पुकारता काका हे सगळं टिपत जातात. नवखी माणसं भीतभीत विचारतात, "काका, नाक खाजवलं तर म्हैस गळ्यात पडेल का?" काका म्हणतात, "खाजव बाबा बिनधास्त. खाज कुठली आणि बोली कुठली, ते मला कळतं."

यंदाच्या गोपालक संघाच्या अधिवेशनात हेच रिंगण बंद करायचा ठराव येणार होता. जनावरं गोठ्यातच ठेवायची, त्यांची चित्रफीत फोनवर टाकायची आणि बोलीही फोनवरच लावायची. आणि तो ठराव मांडणार होती काकांची स्वतःची लेक. ती संघाच्या कचेरीत काम करते.

अधिवेशनाच्या दिवशी बापलेक सभागृहाकडे निघाले, तेव्हा मोटारीत मागे मीही होतो. गाडी लेक चालवत होती. तीच आधी म्हणाली, "बाबा, चिडलात ना?"

"चिडलो असतो तर तुझ्या गाडीत बसलो असतो का?"

"पायी यायला लांब पडलं असतं म्हणून बसलात."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेही आहेच."

पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. गेल्या हंगामात लांबून आलेली एक आजारी गाय रिंगणात फिरली आणि तिच्या अंगावरचा रोग आसपासच्या कितीतरी गोठ्यांत गेला. कचेरीतला फोन तेव्हा हिच्याच टेबलावर होता. रडणाऱ्या माणसांना काय सांगायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हापासून रिंगणाचं फाटक उघडलं की ती आधी कचेरीतल्या फोनकडे बघते. काकांना हे माहीत होतं. पण रिंगण गेलं, तर सकाळी उठून अंगात सदरा कशासाठी घालायचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

सभागृह भरलेलं होतं. गुळगुळीत फरशीवर जपून पाय टाकणारी, धुतलेल्या बुटांतली, दाढी करताना गालावर कापून घेतलेली माणसं खुर्च्यांवर अवघडून बसली होती. आधी पशुवैद्य बोलले. कडक उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गाई दूध कशा चोरतात आणि गोठ्याला वारा कुठून द्यावा, हे त्यांनी चित्रं काढून दाखवलं. मग चाऱ्याचा प्रश्न निघाला आणि खालून आवाज आला, "चारा इतका महाग झालाय, की गाईच्या ताटात वाकून बघावंसं वाटतं!" लोक हसले. विहिरींचं पाणी खाली चाललंय, तरुण माणसं गोठ्यात थांबत नाहीत, यावर बोलताना मात्र कुणी हसलं नाही.

सगळंच काही रडगाणं नव्हतं. दुधाला मागणी वाढतेय, असं सगळ्यांचंच मत पडलं. एका बाईंनी सांगितलं, की त्यांच्या आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकच मोठा गोठा बांधला आणि पाळ्या लावल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी चार दिवस राहून आले," त्या म्हणाल्या. "गाईंनी आठवणसुद्धा काढली नाही, मेल्यांनी!" त्यांना सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

शेवटी लेक उठली. तिने रोगाची गोष्ट सांगितली, फोनवरची बोली समजावली. काका पहिल्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसले होते.

संघाच्या अध्यक्षीणबाई स्वतः मोठ्या गोठ्याच्या मालकीण. त्या म्हणाल्या, "रिंगण बंद करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"बरं. बंद करू नये म्हणणाऱ्यांनी करा."

तरी नाही. सगळे समोर बघत, कोरे चेहरे करून बसलेले.

"अहो, झोपलात की काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, समोर तीनवारकाका बसलेत. हात वर केला आणि त्यांनी सौदा ठोकला तर?"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. पण हसू ओसरल्यावरही हात खालीच. जन्मभर खुणेवर बोललेल्या माणसांचा हात असा शेजाऱ्यादेखत वर जाईना. बाईंनी कपाळाला हात लावला. "मग काका, तुम्हीच घ्या मतं. तुमच्या पद्धतीने."

काका बसल्या जागेवरूनच म्हणाले, "माझ्याच पोटावरचा ठराव मी कसा पुकारू? मला हवं तेच दिसेल मला."

"मग लेकीला सांगा."

"तिचा तर ठरावच आहे!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणून काय झालं?" बाई म्हणाल्या. "स्वतःच्या विरुद्धची खूण तिने मोजली, तर कुणाला शंका उरणार नाही. आणि नाही मोजली, तर तुम्ही काय गप्प बसणार आहात?"

लेक मंचाच्या कडेला येऊन उभी राहिली. काकांनी मान खाली घातली. या पोरीला ते कधी रिंगणात काही शिकवायला गेले नव्हते. सुट्टीत शेजारी बसायची, एवढंच.

तिने श्वास घेतला आणि पुकारलं, "बंद करावं!" तिची नजर रांगांवरून सावकाश फिरली. "टोपीवाले मामा, आहात. दोघे भाऊ, दोघेही. खिडकीजवळच्या काकू." असं करत करत ती मागच्या भिंतीपर्यंत गेली. मग पुन्हा पुढून सुरुवात. "चालू ठेवावं! मिशीवर बोट, आलं. निळा सदरा, आलं. तुम्ही नाही दादा, तुम्हाला खोकला झालाय."

काकांची मान हळूहळू वर आली. ते मागे वळून लोकांकडे बघत नव्हते. लेकीच्या डोळ्यांकडे बघत होते.

दोन्हीकडे सारखेच जण झाले, तेव्हा लेक थांबली. आता तिने नुसतं 'पुरे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बरोबरीवर काय करायचं ते बाईंनी बघितलं असतं. पण तिची नजर शेवटच्या रांगेत, दाराच्या सावलीत बसलेल्या एका म्हातारीवर खिळली. म्हातारीने काठी किंचित, अगदी किंचित तिरकी केली होती. काकांच्या जागेवरून ती दिसतच नव्हती. दुसऱ्या कुणालाही दिसली नसती.

"दारातल्या आजी," लेक म्हणाली. "चालू ठेवावं. आलं." आणि मग जरा खालच्या आवाजात, "माझा ठराव पडला."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते लोकांना कळेना. तेवढ्यात काका उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात सरळ डोक्याच्या वर उचलला. असा हात उचलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मला एक सूचना मांडायचीय," ते म्हणाले. "लांबचं जनावर रिंगणात नको. पोरगी म्हणते ते खरं आहे, रोग परत आला तर आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. लांबची गुरं फोनवर विकू द्या. जवळची तेवढी रिंगणात येतील, तीही डॉक्टरांनी तपासल्यावर."

"आणि फोनवर पुकारणार कोण?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मीच. ही शिकवेल."

"बाबा, साधा फोन तुम्हाला उचलता येत नाही," लेक तिथूनच म्हणाली. डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"म्हणून तर शिकव म्हणतोय ना!"

या वेळी सूचना मंजूर करायला काही पुकारावं लागलं नाही. एक हात वर झालेला बघून लोकांची भीड चेपली असावी. थोडे थोडे करत हात वर येऊ लागले, काही कोपरापर्यंत, काही पुरते.

पुढच्या बाजारदिवशी मी मुद्दाम गेलो. रिंगणातली गुरं विकून झाली, तेव्हा लेकीने काकांसमोर फोनला जोडलेला मोठा पडदा ठेवला. पडद्यावर कुठल्या तरी लांबच्या गोठ्यातली तांबडी गाय उभी होती. घेणारे कुठे होते कोण जाणे. टोपी नाही, कान नाही, बुटाचं टोक नाही. काका गोंधळले. सवयीने मान वळवून बाकांकडे बघू लागले.

"बाबा, घेणाऱ्यांना ती नीट दिसत नाहीये," लेक हळूच म्हणाली. "तुम्हाला जे दिसतंय ते सांगा."

काका पडद्याजवळ वाकले. बराच वेळ त्या गाईकडे बघत राहिले. मग बोलू लागले, ओरडून नाही, शेजारी बसलेल्याला सांगावं तसे.

"मंडळी, गाय तांबडी आहे. पाठ सरळ, पाणी टाकलं तर मधे थांबणार नाही. कास मऊ दिसतेय, चारी सड सारखे. उजव्या मागच्या पायावर जरा कमी भार देतेय, तो खूर बघून घ्या, मी लपवणार नाही. डोळा शांत आहे. मालकाचा हात तिच्या मानेवर आहे आणि ती त्या हाताला रेललीय. अशी गाय घरात पोराबाळांना लाथ मारत नाही. बोला."

मग पडद्याच्या कोपऱ्यात पहिली बोली उमटली, तिच्याखाली दुसरी, आणि काकांनी हनुवटी उचलून आवाज चढवला.