मामाची टोपली

"थांबा सायेब, आधी एवढं पोचू द्या की."

असं म्हणून ती हात वर करायची, आणि पुण्याहून आलेला तज्ज्ञ डॉक्टर वाक्य अर्धवट सोडून गप्प बसायचा. सोलापुरातल्या आमच्या इस्पितळात ती आया होती, मी केसपेपरचा कारकून. सत्तर सालानंतरची गोष्ट. विणकरांच्या बायकांना डॉक्टरचं पुस्तकी मराठी कळायचं नाही, म्हणून ते तेलुगूत सांगायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं.

डॉक्टर दर महिन्याला तेच सांगायचा. मामा-भाचीचं लग्न टाळा, दोघांच्या रक्तातला लपलेला दोष एकाच मुलात उतरू शकतो. ऐकून ऐकून मला वीट आला होता. पण तो दोन वाक्यं बोलला की ही दहा बोलायची. तुम्हीही तिथे असता तर हसला असता.

"मी एवढं कुठं बोललो?" त्याने एकदा विचारलं.

"दोष दोघांचा असतोय, एकट्या बाईला बोल लावू नका, हे तुमचं राहिलं हुतं."

तिचं स्वतःचं लग्न मामाशीच झालेलं. दोन मुलगे अंगातलं रक्त आटून गेले, आणि सासू, म्हणजे सख्खी आजी, हिलाच पांढऱ्या पायाची म्हणायची. उरली एक मुलगी. तिला आता हिच्या एकुलत्या एका भावाने मागणी घातली होती. रक्त तपासू म्हटलं तर तो भडकला.

एका दुपारी बायका गेल्यावर तिने विचारलं, "सायेब, भावाला पोरगी दिली तर तिची पोरं आजारी निघतीलच का?"

"निघतीलच असं नाही. पण धोका मोठा आहे."

"निघतीलच म्हणा की! नुसता धोका घेऊन भावापुढं कशी जाऊ?"

"खोटं कसं सांगू, बाई?"

मला त्या खरेपणाचा असा संताप आला! एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? ती मात्र झाडू उचलून वॉर्डात गेली.

नकार तिने दिलाच. भावाने बोलणं टाकलं.

पुढे मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं, मी गेलो होतो. त्यांच्यात मामा नवरीला टोपलीत बसवून मांडवात आणतो. हळदकुंकू लावलेली टोपली दाराशी ठेवली होती. मुहूर्त जवळ आला तसं भटजींनी नवरीला बोलावलं. हिने हात वर केला.

"थांबा, आधी तो येऊ द्या की."

भटजी थांबले. आम्ही सगळे रस्त्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तिचा हात खाली आला, आणि मुलगी टोपलीला वळसा घालून, चालत मांडवात आली.